आजीने वेचलेला सुरुंग

माझ्या गेममधला पहिला सुरुंग आजीने फूल समजून वेचला आणि तिचा अंतराळवीर फुटला. "अगं, कदंबाचं फूल दिसलं म्हणून घेतलं," ती म्हणाली, "फुटतं होय हे?" मी परत स्क्रीनकडे बघितलं. सोनेरी गोळा, चहूबाजूंनी बारीक काड्या, मागे मंद उजेड. कदंबच होता तो. तोवर मी तीन आठवडे फक्त कोडमधल्या चुका शोधत होते.

लेव्हल डिझाइन, म्हणजे गेममधला एकेक टप्पा रचणं, शिकायचंय, सुरुवात कुठून करू, असं ओळखीपाळखीची मुलं हल्ली विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: मोठा गेम करू नका. एकच धोका घ्या आणि त्याचा पिच्छा पुरवा. माझ्या वाट्याला अंतराळातले तरंगते सुरुंग आले, म्हणून त्यांच्याबद्दलच सांगते. मी बडोद्याची. एम. एस. युनिव्हर्सिटीत गणितात बी.एस्सी. केलं आणि दांडिया बाजारातल्या घरी, जुन्या लॅपटॉपवर गोडो शिकले. गोडो हे गेम बनवायचं इंजिन फुकट आहे, २०१४पासून त्याचा सोर्सही खुला आहे. "एवढं शिकून खेळणी करणार का?" हा प्रश्न घरोघरी असतो. त्यावर मी वेळ घालवला नाही, तुम्हीही घालवू नका.

सुरुंग काटेरी गोळ्यासारखाच का काढतात, हे मी आजीच्या प्रकारानंतर शोधलं. ते रूप समुद्रातून आलंय. १८६८ साली आल्बर्ट हर्ट्झ यांनी पाणसुरुंगाला शिशाची शिंगं बसवली. प्रत्येक शिंगात काचेची नळी, नळीत आम्ल. जहाज आदळलं की मऊ शिसं वाकतं, काच फुटते, आम्ल खाली कोरड्या बॅटरीत उतरतं, बॅटरी जिवंत होते आणि सुरुंग उडतो. तोवर ती बॅटरी कोरडीच, म्हणून असा सुरुंग वर्षानुवर्षं पाण्यात पडून राहिला तरी दगा देत नाही (म्हणजे देतो, पण नेमका). हे वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं की काटा ही शोभा नाही, "इथे लागलं की फुटेन" अशी ती पाटी आहे.

अंतराळात मात्र सुरुंगाला तरंगायला पाणीच नाही. धक्का दिला तर तो सरळ जात राहील, वरखाली डुलणार नाही. स्फोटाचा दणका वाहून न्यायला हवा नाही, आवाजही येणार नाही. तरी आपण त्याला डुलवतो आणि धडामही करतो. हे खोटं चालतं, कारण डुलणारी वस्तू जिवंत वाटते आणि खेळणारा तिच्यापासून जपून राहतो. भौतिकशास्त्राचा अभिमान असलेल्यांनी इथे थोडं गिळावं. मी गिळलं.

तर कदंबाचं काय केलं? काड्या काढून जाड त्रिकोणी काटे लावले, अंग काळपट केलं, मधोमध लुकलुकणारा लाल दिवा ठेवला. नुसता लाल रंग पुरत नाही. लाल आणि हिरवा वेगळा न ओळखणारी माणसं, विशेषतः पुरुष, आपल्याला वाटतात त्याहून जास्त असतात. म्हणून आकारानेच बोलायला हवं. माझ्या गेममध्ये जे वेचायचं ते गोल आणि गुळगुळीत, जे टाळायचं ते टोकदार. आमच्या विश्वामित्रीतली मगर पाण्याबाहेर फक्त डोळे ठेवून पडलेली असते. तिचं ठीक आहे, तिला पोट भरायचंय. गेममधला धोका तसा लपून बसला की खेळणारा एकदा मरतो, दुसऱ्यांदा शिव्या देतो आणि तिसऱ्यांदा येतच नाही.

आता माझी फजिती. एका स्टुडिओला मी नमुना पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं: सुरुंग इतके वेगात आहेत की खेळताच येत नाही. मी चक्रावले. माझ्याकडे तर आजीसुद्धा तिसऱ्या सुरुंगापर्यंत जात होती! आठवडाभराने उलगडा झाला. मी सुरुंग दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला, ठरावीक पिक्सेल सरकवत होते. माझा स्क्रीन सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो, पाहणाऱ्याचा १४४ दाखवत होता. त्यांच्याकडे माझे सुरुंग २.४ पट वेगाने धावत होते. सरकणं फ्रेमवर नाही, उलटलेल्या वेळेवर मोजायचं. गोडोमध्ये त्यासाठी 'डेल्टा', म्हणजे मागच्या फ्रेमपासून उलटलेला वेळ, आयता मिळतो, त्याने गुणायचं, बस. एका गुणाकाराने माझी एक संधी गेली. तुमची जाऊ नये.

वेळ हाच सुरुंगाचा खरा मसाला आहे आणि तो मला शिकवला गरब्याने. नवरात्रात फिरत्या गरब्यात मधूनच शिरायचं असेल तर आपण थेट घुसत नाही. कडेला उभं राहून दोन फेऱ्या बघतो, टाळीबरोबर कोण कुठे वळतंय ते अंगात भिनलं की पाऊल टाकतो. सुरुंगांच्या रांगेआधीही अशी एक कड लागते. तिथे खेळणाऱ्याला कोणी मारणार नाही आणि पुढची अख्खी रांग दिसेल. माझ्या पहिल्या लेव्हलमध्ये ती नव्हती. दार उघडलं की थेट सुरुंग.

पुढचा मुद्दा लसाविचा. हो, शाळेतलाच. दोन सुरुंग डुलत असतील, एकाची फेरी २ सेकंदांची, दुसऱ्याची ३, तर दर ६ सेकंदांनी दोघं पुन्हा त्याच जागी येतात. खेळणारा हे मोजत नाही, पण त्याच्या बोटांना ते कळतं. मी हुशारी करून, नैसर्गिक वाटावं म्हणून, २.३ आणि ३.७ ठेवले होते. लसावि काढा: ८५.१ सेकंद. दीड मिनिटाने एकदा पडणारी टाळी ऐकून कोण गरबा खेळणार?

डुलण्यासाठी त्रिकोणमितीतली साइन वापरतात, मीही वापरते. मात्र तिचा स्वभाव समजून घ्या. साइनवर फिरणारी वस्तू दोन्ही टोकांना रेंगाळते आणि मधून झपकन जाते. सुरुंग मध्यापासून ४० पिक्सेल वर-खाली जात असेल, तर तो निम्मा वेळ २८ पिक्सेलच्या पलीकडे, टोकांजवळच असतो. म्हणजे मधली वाट वाटते त्याहून मोकळी आणि टोकाची वाट वाटते त्याहून अडलेली. हे माहीत नसताना मी सुटकेची फट वरच्या टोकाशी ठेवली होती. मामेभाऊ अकरा वेळा मेला आणि शेवउसळ खायला निघून गेला.

जवळ गेल्यावर पेटणारा सुरुंग करायचा असेल तर त्याला दम धरायला लावा. डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो, म्हणजे ६०च्या हिशोबाने १५ फ्रेम. त्यात माणसाला विचारही करायचा असतो. मी दिवा पेटल्यापासून फुटेपर्यंत ३५ फ्रेम देते. आजीसाठी ५० केल्या होत्या, पण ते आमच्या दोघींत.

चित्र आणि मार लागण्याची हद्द एकच ठेवू नका. माझा सुरुंग ४८ पिक्सेल रुंद दिसतो, म्हणजे त्रिज्या २४. धडकेचं वर्तुळ मात्र १८च्या त्रिज्येचं. काट्याचं टोक हेल्मेटला घासून जातं, काही होत नाही, आणि खेळणारा "वाचलो!" म्हणून ओरडतो. आणखी एक, फार जण विसरतात: खेळणारा मरून परत आला की सुरुंगही मूळ जागेवरून सुरू व्हायला हवेत. नाहीतर त्याने शिकलेला ताल वाया जातो.

रांग कशी लावायची याबद्दल मला सगळ्यात उपयोगी पडले ते सुपर मारिओ गॅलॅक्सी २चे दिग्दर्शक कोइची हायाशिदा. चार ओळींच्या जुन्या चिनी कवितेवरून आलेली 'की-शो-तेन-केत्सु' ही मांडणी ते लेव्हलसाठी वापरतात: आधी निर्धोक जागी ओळख, मग थोडी वाढ, मग अनपेक्षित वळण, मग सांगता. माझ्या लेव्हलमध्ये पहिला सुरुंग खड्ड्याविना, रुंद फरशीवर डुलतो. दुसरा-तिसरा जोडीने. चौथा खड्ड्यावर. पाचवा अजिबात हलत नाही.

काम बडोद्यात बसून करता येतं, पण देणारे बहुतेक पुणे, बेंगळुरू, हैदराबादकडचे भेटतात. त्यामुळे तुम्ही त्यांना दिसता ते फक्त तुमच्या नमुन्यात. गेम उतरवून घ्यायला कोणाला वेळ नसतो. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ जोडा आणि त्यात एकदा मरूनही दाखवा, कारण मरण कसं दिसतं हे बघणाऱ्याला बघायचंच असतं. सोबत एक पान लिहा: आधी काय होतं, कोण कुठे अडलं, काय बदललं. माझ्या पानावर कदंबाचं जुनं चित्र होतं, सगळ्यात वर.

दुसऱ्या स्टुडिओच्या मुलाखतीत कोडबद्दल एकच प्रश्न आला: दोन वर्तुळं भिडली का, हे वर्गमूळ न काढता कसं ओळखाल? अंतराचा वर्ग आणि त्रिज्यांच्या बेरजेचा वर्ग ताडून. ते झाल्यावर त्यांनी माझी लेव्हल उघडली आणि समोरच्या बाई स्वतः खेळू लागल्या. चार सुरुंग पार केले. पाचव्यासमोर थांबल्या. थांबल्या. थांबूनच राहिल्या.

"हा हलत का नाही?" त्यांनी विचारलं.

"आधीच्या चौघांनी तुम्हाला थांबायला शिकवलं म्हणून," मी म्हटलं. "त्याच्या बाजूने सरळ निघून जा."

त्या हसल्या, बाजूने गेल्या आणि वळूनही न बघता सहाव्यावर आदळल्या.