कोकणातली झाडं घाटावर लावताना या चुका टाळा

कोकणातून किंवा गोव्यातून परतणाऱ्या गाडीच्या डिकीत रोपं असतातच. मिरीचा वेल, सोनटक्क्याचे कंद, अनंताची फांदी, कोकमाचं रोप, एखादं अँथुरियम. पुण्यात, नाशकात, सोलापुरात ती कुंडीत लागतात आणि दिवाळीपर्यंत बरी दिसतात. होळीच्या सुमारास पानांच्या कडा करपतात, नवी पालवी उमलायच्या आधीच वाळते आणि मे महिन्यात रिकामी कुंडी कोपऱ्यात जाते. मग घरात ठरून जातं की आपल्याकडे ही झाडं जगत नाहीत.

ती जगतात. फक्त त्यांना इथे नेमकं काय कमी पडतं, ते आधी समजून घ्यायला हवं. ऊन आणि उष्णता कमी पडत नाही. मे महिन्यात पुण्याचं दुपारचं तापमान रत्नागिरीपेक्षा जास्तच असतं. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास. पण झाडाला खरा फटका बसतो तो हवेचा. मार्च-एप्रिलच्या दुपारी देशावरची हवा इतकी कोरडी होते की आर्द्रता २०-२५ टक्क्यांच्याही खाली जाते. समुद्रकाठी ती भर उन्हाळ्यातही याच्या दुपटीहून जास्त राहते. पातळ, रुंद पानांची ही झाडं अशा कोरड्या वाऱ्यात पानांतून जितकं पाणी गमावतात, तितकं मुळांना वर पोहोचवता येत नाही. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

हवा कोरडी म्हणून कुंडीत पाणी ओतणं

सगळ्यात जास्त झाडं यानेच मरतात. दुपारी दोन वाजता पानं माना टाकतात, आपण कळवळून तांब्याभर पाणी घालतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मातीत आधीच ओल असते, वरून आणखी पाणी पडतं, मुळांना हवा मिळेनाशी होते आणि ती कुजायला लागतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे पानं आणखी मलूल होतात, आणि आपण आणखी पाणी घालतो.

पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घालून पाहा. आत ओल लागत असेल तर संध्याकाळपर्यंत थांबा. ऊन उतरल्यावर पानं आपोआप ताठ झाली, तर पाण्याची गरज नव्हती, सावलीची होती. संध्याकाळीही पानं तशीच लोंबत असतील आणि माती ओली असेल, तर मुळं गेली आहेत असं समजून झाड कुंडीतून बाहेर काढा. निरोगी मूळ पांढरट आणि कडक असतं. कुजलेलं मूळ तपकिरी, बुळबुळीत असतं, चिमटीत धरून ओढलं की वरचं साल निघून आत दोऱ्यासारखा भाग उरतो. अशी मुळं स्वच्छ कात्रीने कापून टाका, पानं निम्मी कमी करा आणि उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल एवढ्या लहान कुंडीत, ताज्या भुसभुशीत मातीत झाड लावून सावलीत ठेवा. या काळात खत अजिबात देऊ नका. आजारी झाडाला खत घालून ताकद येईल असं वाटतं, पण जखमी मुळांना त्यातल्या क्षारांचा त्रासच होतो.

पानमळ्याकडे न पाहणं

मग हवेचं करायचं काय? बहुतेक जण फवारणीची बाटली घेऊन सकाळ-संध्याकाळ पानांवर पाणी मारतात. कोरड्या वाऱ्यात ते काही मिनिटांत उडून जातं. या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी फार पूर्वी शोधून ठेवलं आहे आणि ते आपण बागेत वापरत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मिरज तालुक्यातली नरवाड, बेडग, आरग ही गावं पानमळ्यांसाठी ओळखली जातात. विदर्भात अंजनगाव सुर्जी, अकोट या भागातही पानमळ्यांची जुनी परंपरा आहे. नागवेल ही दमट जंगलातली वेल, आणि हा सगळा मुलूख उन्हाळ्यात भाजून निघणारा. तरी तिथे ती वाढली, कारण वेल कधी एकटी लावली गेली नाही. शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा यांची दाट लागवड करायची, वेल त्यांच्यावर चढवायची, बाहेरून वाऱ्याला आडोसा करायचा आणि वाफ्यात थोडं थोडं पण वरचेवर पाणी फिरवायचं. आधाराच्या झाडांची विरळ सावली वरून, ओली जमीन खालून आणि वारा अडलेला. आत पाऊल टाकलं की बाहेरची हवा आणि मळ्यातली हवा वेगळी आहे हे अंगाला जाणवतं. गोव्यातलं कुळागरही असंच बांधलेलं असतं: वर माड आणि पोफळी, त्यांच्या अंगावर मिरी, मध्ये केळी आणि जायफळ, खाली हळद-आलं.

गच्चीवर किंवा बाल्कनीत हेच लहान प्रमाणात करता येतं. कुंड्या कठड्यावर एका रांगेत मांडू नका, कोपऱ्यात घोळका करून ठेवा. उन्हाला टिकणारी उंच झाडं पश्चिमेला, नाजूक पानांची आत. कुंड्यांच्या मधल्या जागेत खडी किंवा विटांचे तुकडे पसरून ते उन्हाळ्यात रोज भिजवा, म्हणजे ओल कुंडीत न जाता हवेत जाईल. पश्चिमेकडून आडवी येणारी झळ अडवायला हिरवी जाळी लावा. जाळी डोक्यावर बांधून पश्चिम बाजू उघडी ठेवणं ही इतकी सर्रास दिसणारी चूक आहे की ती वेगळी सांगावीशी वाटते. तीन ते पाचचं तिरपं ऊन आणि वारा हीच खरी अडचण असते. ५० टक्के ऊन अडवणारी जाळी पुरते. ७५ टक्के अडवणाऱ्या जाळीखाली पानं हिरवीगार राहतात, पण बरीचशी फुलझाडं फुलायची थांबतात. गच्चीचा स्लॅब तापून कुंडी खालून भाजते, म्हणून कुंडी विटांवर उचलून ठेवा.

नागवेल लावली असेल तर पानमळ्यातली आणखी एक रीत उचला. वेल वर वर जाते, खालचा भाग उघडा पडतो आणि पानं लहान होत जातात. मळ्यात अशी वेल सोडवून खाली उतरवतात, उघड्या भागाचं वेटोळं मातीत पुरतात आणि शेंडा पुन्हा आधारावर चढवतात. पुरलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात आणि वेल पुन्हा तरुण होते. मोठ्या कुंडीतही हे सहज जमतं.

माती, कोकोपीट आणि नर्सरीतला गोळा

कोकणची जांभ्याची माती आम्लधर्मी आणि पाणी सोडून देणारी. देशावरची काळी माती चुनखडीची, ओली झाली की चिकट आणि वाळली की भेगाळणारी. ती कुंडीत एकटी वापरू नका. यावर तोडगा म्हणून हल्ली सरसकट कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, भरतात. तेही अर्ध्याहून जास्त नको. ते खूप पाणी धरतं, पावसाळ्यात आठवडाभर सुकत नाही आणि पूर्ण सुकलं तर पाणी कडेने निघून जातं, मधला भाग कोरडाच राहतो. विटेच्या आकारात दाबून मिळणारं कोकोपीट वापरण्याआधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन पिळून घ्या, कारण त्यात मीठ असू शकतं.

नर्सरीतून आणलेल्या झाडाची पिशवी फाडली की बऱ्याचदा लाल चिकण मातीचा घट्ट गोळा निघतो. तो तसाच भुसभुशीत मिश्रणात ठेवला तर भोवतीची माती एका चालीने सुकते आणि गोळा दुसऱ्या. वरून ओलसर दिसणाऱ्या कुंडीत झाड तहानेने वाळतं, किंवा वर कोरडी दिसत असताना आत कुजतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला, दमट हवेत, गोळा बादलीभर पाण्यात भिजवून बाहेरची निम्मी माती हलक्या हाताने सोडवा आणि मगच लावा. उन्हाळ्यात हा उद्योग करू नका.

अँथुरियम आणि ऑर्किड यांना तर माती नकोच. सह्याद्रीत आंब्याच्या खोडाला लटकलेली सीतेची वेणी ही रानटी ऑर्किड पाहिली असेल तर तिची मुळं उघड्यावर असतात हे लक्षात आलं असेल. पाऊस येतो, भिजतात, वारा येतो, सुकतात. विटांचे तुकडे, लाकडी कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे भिजवून घेतलेले तुकडे, एवढं पुरतं. ऑर्किडचं मूळ हिरवं असेल तर पाणी आहे, चांदीसारखं पांढरं झालं की द्यायचं. अँथुरियमला यातच मूठभर जुनं गांडूळखत चालतं. आणि जंगलातल्या झाडावरून आमरी, म्हणजे ऑर्किड, ओरबाडून आणू नका. घरी ती सहसा टिकत नाही आणि जंगलातून मात्र कायमची जाते.

पिवळी पानं आणि अंड्याची टरफलं

अनंत, एक्झोरा यांची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, अशी तक्रार बोअरचं पाणी घालणाऱ्यांकडून नेहमी येते. हा लोहाचा तुटवडा आहे. लोह मातीत असतंच, पण जड पाण्यातल्या क्षारांनी माती विम्लधर्मी, म्हणजे आम्लधर्मीच्या उलट, होत गेली की मुळांना ते घेता येत नाही. यावर अंड्याची टरफलं, चुना किंवा राख टाकणं म्हणजे दुखणं वाढवणं. आपल्या मातीला आणि पाण्याला कॅल्शियम कमी नाही. चहाचा चोथा दूध-साखरेसकट टाकल्याने तर फक्त मुंग्या आणि चिलटं येतात.

तातडीचा उपाय म्हणून लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा. हिराकस मातीत टाकून उपयोग नाही, चुनखडीच्या मातीत ते लगेच अडकून बसतं. मातीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह. दुकानात सहज मिळणारं ईडीटीए प्रकारचं चिलेट विम्ल मातीत टिकत नाही, ते फवारणीला ठीक. जुनी, खालची पानं पिवळी होत असतील तर मात्र कारण वेगळं, बहुधा नत्र कमी किंवा पाणी जास्त. खरा उपाय पावसाच्या पाण्याचा आहे. गच्चीच्या पन्हळीखाली एक झाकणाचा पिंप ठेवा आणि ते पाणी या दोन-चार झाडांसाठी राखा. अरेका पामच्या पानांची टोकं तपकिरी होतात, त्यातही जड पाण्याचा मोठा वाटा असतो.

बी रुजवून फळाची वाट पाहणं

अंगणात जागा असलेल्यांनी हे नीट वाचा. कोकम आणि जायफळ यांच्यात नर झाड वेगळं, मादी वेगळं. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. म्हणून कलमच घ्या. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची कोकमाची ‘कोकण अमृता’ ही जात आहे, आणि जायफळाच्या ‘कोकण सुगंधा’ जातीत नर-मादी फुलं एकाच झाडावर येतात. कलम कुठल्या फांदीचं आहे हेही विचारा: जायफळाच्या आडव्या फांदीवरून केलेलं कलम सरळ न वाढता पसरत जातं.

मिरीत हाच गुण उपयोगी पडतो. जमिनीलगत पळणाऱ्या फुटव्याची कांडी लावली तर वेल होते, फळ देणाऱ्या आडव्या फांदीची लावली तर झुडूप मिरी. बाल्कनीला दुसरीच हवी. कुणी मिरीची कांडी देत असेल तर ती कुठून कापली, हे विचारून घ्या.

हिवाळ्यात मेलेलं समजून टाकून देणं

पातोळ्यांसाठी लावलेल्या हळदीची पानं मार्गशीर्ष-पौषात वाळून आडवी पडतात. कॅलॅडियम नाहीसं होतं, सोनटक्काही मलूल होतो. ते झोपलेले असतात. या दिवसांत पाणी चालू ठेवलं तर कंद कुजतो, आणि कुंडी रिकामी करून टाकली तर कंदही जातो. पाणी तोडा, कुंडीवर नाव लिहून सावलीत सरकवा. उन्हाळ्याच्या अखेरीस कोंब दिसला की पाणी सुरू करा.

सदाहरित झाडांचं वेगळं. रात्रीचं तापमान १० अंशांखाली गेलं की अँथुरियम, मिरी, फॅलेनॉप्सिस ऑर्किड यांच्या पानांवर काळपट डाग पडतात. निफाडसारख्या भागात तर पारा याहून बराच खाली जातो. त्या रात्री कुंड्या भिंतीलगत किंवा घरात घ्या आणि पाणी सकाळी उन्हं आल्यावर द्या. डिसेंबर-जानेवारीत खत बंद.

कीड

उन्हाळ्यात पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि मागे जाळी दिसली तर तो लाल कोळी. कोरड्या हवेतच तो माजतो. पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोराचा फवारा दर दोन-तीन दिवसांनी मारा. पिठ्या ढेकूण दिसला की आधी मुंग्यांची वाट तोडा, त्या त्याला राखतात. कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, थोड्या साबणासोबत, आणि फवारणी फक्त संध्याकाळी. दुपारी मारलं तर पान भाजतं.

हेलिकोनियाचा आणि केळीचा दांडा एकदाच फुलतो. फूल किंवा घड संपला की तो बुंध्याशी कापा, नाहीतर नवे फुटवे त्याच्या सावलीत खुरटतात. केळीला एका वेळी दोन मुनवे (बुंध्यातून येणारे फुटवे) पुरेत.

रोपं आणायचीच तर मे महिन्यात आणू नका. जूनचा पाऊस स्थिरावल्यावर आणलेल्या रोपाला मुळं धरायला चार महिने दमट हवा मिळते. पहिले दोन-तीन आठवडे ते घोळक्याच्या मधोमध सावलीत ठेवा, नवं पान उलगडलं की मगच कुंडी बदला.