स्काऊटचा ड्रेस आहे, पण गाठ मारता येते का? शनिवारच्या तासात खरं स्काऊटिंग कसं घ्यायचं

"आता स्काऊटमध्ये शोभायात्रा आणि सर्टिफिकेट एवढंच उरलंय" असं जुने लोक म्हणतात ते अर्धंच खरं आहे. अभ्यासक्रम उघडून बघा, प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय या स्काऊटच्या परीक्षांच्या पायऱ्या, सगळीकडे गाठी आहेत, होकायंत्र आहे, प्रथमोपचार आहे, उघड्यावर स्वयंपाक पण आहे. गेलंय काय तर मैदानात उभं करून "चल, करून दाखव" म्हणणं. वहीत गाठीचं चित्र सुंदर, लॉगबुकला कव्हर, आणि पोरगं त्याच्याही वरच्या राज्य पुरस्कारापर्यंत पोचतं कारण डोळा दहावीच्या वाढीव मार्कांवर. हे सुधारायला कुणाच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही, शनिवारचा एक तास, थोडी दोरी आणि शाळेचं मैदान पुरतं.

आधी दोरी. गाठीचं नाव विचारूच नका, काम सांगा. "ही जाड दोरी आणि ही बारीक, जोड." जमली तर शीट बेंड येते त्याला. "झाडाला बांध आणि ओढून दाखव", मग क्लोव्ह हिच किंवा राउंड टर्न. "कमरेभोवती असा फास टाक की ओढलं तरी आवळणार नाही", ती बोलाइन. रीफ नॉट सगळ्यांना येते पण ती बँडेज आणि पार्सलसाठी, वजन पेलायच्या दोऱ्या तिने जोडायच्या नाहीत, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. गाठी यायला लागल्या की डोळे मिटून करायला लावा. आणि नायलॉनची दोरी नको, गुळगुळीत असते, गाठ सुटते आणि पोरांना वाटतं आपलंच चुकलं. सुती किंवा काथ्याची घ्या.

मग बांबू. स्क्वेअर लॅशिंग म्हणजे दोन बांबू काटकोनात दोरीने बांधणं, त्याची सुरुवात क्लोव्ह हिचने, तीन वेढे, मधून दोन वेढे कचकचून आवळायचे, शेवट परत क्लोव्ह हिच. चप्पल स्टँड बनवा पाहिजे तर, पण त्यावर दप्तरं ठेवून हलवून बघा. मेळाव्यात गेटला झुरमुळ्या लावून नंबर मिळतो तसा इथे मिळत नाही 🙂

दिशा. पुस्तकातली घड्याळाची ट्रिक माहिती असेल, छोटा काटा सूर्याकडे धरायचा आणि काटा व 12 यांच्या मधोमध दक्षिण. ही ट्रिक इंग्लंडची. आपल्याकडे मुंबई-पुण्यात मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटी दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात तर भर दुपारी तो थोडा उत्तरेकडेच असतो, म्हणजे उन्हाळी शिबिरात ही ट्रिक तुम्हाला चक्क उलटं पाठवू शकते. त्यापेक्षा काठी रोवा, सावलीच्या टोकावर खडा ठेवा, वीसेक मिनिटांनी नव्या टोकावर दुसरा. पहिला खडा पश्चिम, दुसरा पूर्व. दुपारच्या आसपास सगळ्यात बरोबर येतं, घड्याळ लागत नाही, आणि सातवीतल्या पोराला "असं का होतं" हा प्रश्न आपोआप पडतो.

आग. जुनी परीक्षा होती, काडेपेटीच्या दोनच काड्यांत विस्तव पेटवायचा. हीच ठेवा. पोरं काय करतात तर थेट जाड लाकडाला काडी लावतात, पेटत नाही मग रॉकेल मागतात. क्रम असा लावा, खाली नारळाच्या सोडणाचा भुगा किंवा वाळकं गवत, त्यावर काडीएवढ्या काटक्या, मग पेन्सिलएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या, आणि हे सगळं हाताशी जमवून झाल्याशिवाय काडी ओढायचीच नाही. पावसाळ्यात लाकूड फोडून आतला कोरडा भाग वापरायचा, कोयता असेल तर मोठं माणूस शेजारी पाहिजे. आणि हे मैदानातच, पाण्याची बादली शेजारी ठेवून. गडावर किंवा जंगलात अजिबात नाही, जानेवारीनंतर सह्याद्रीतलं गवत एका ठिणगीची वाट बघत असतं.

उघड्यावरचा स्वयंपाक शिकवायला सगळे निखाऱ्यातला बटाटा सांगतात, ठीक आहे, पण थंडीत रायगडची पोपटी करा ना! मडक्यात तळाशी भांबुर्डी नावाच्या रानवनस्पतीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, मीठ, ओवा, वरून परत पाला ठासायचा, पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पालापाचोळा-काटक्या पेटवायच्या, साधारण अर्धा तास. मडक्यावर पाणी शिंपडलं की चुर्र होऊन लगेच उडालं पाहिजे, मग झाली. आग सांभाळणं, वेळेचा अंदाज, पाला ओळखणं सगळं यात येतं, आणि शिकवतोय असं वाटतही नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, सरांनी मागे राहायचं. 1907 मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर स्काऊटिंग सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने पहिलं शिबिर घेतलं तेव्हाही वीसेक मुलांचे चार गट केले होते आणि प्रत्येक गटाला त्यांच्यातलाच लीडर. आपल्याकडे चाळीस जणांना रांगेत उभं करून शिट्टी मारतात. सहा ते आठ जणांचा गट करा, लीडरला आदल्या शनिवारी शिकवा, पुढच्या शनिवारी तो शिकवेल, तुम्ही फक्त शेवटी तपासा. गाइडच्या मुलींनाही हेच सगळं, त्यांना रांगोळीला बसवून मुलांना बांबू देणं आधी बंद करा.

पालकांची भीती असते हात भाजेल, कापेल. त्यांना पहिल्या दिवशी बोलवा, बघू द्या, बहुतेक जण स्वतःच काटक्या लावायला बसतात.

रजिस्टरमध्ये सही त्याच दिवशी, समोर करून दाखवलं तरच. नाही जमलं तर पुढच्या शनिवारी परत, ओरडायचं नाही. खिचडी करपली तर तीच खायची, आणि पातेलं ज्याने करपवलं त्यानेच राखेने घासायचं, आईकडे घरी पाठवायचं नाही.