नॉर्वे फॅमिली ट्रिप: ओस्लो ते बर्गन, आजी-आजोबा आणि पोरांना घेऊन

आधीच सांगून टाकते, एका सुट्टीत डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड सगळं उरकायचा प्लॅन असेल तर तो कागद फाडा. चार देशांच्या टूरमध्ये निम्मे दिवस बॅगा भरण्यात आणि एअरपोर्टवर जातात, आणि बरोबर सासूबाई आणि दुसरीतलं पोर असेल तर कोणाचाच मूड राहत नाही. एकच देश घ्या, नॉर्वे, आणि त्यातही एकच रूट, ओस्लो ते बर्गन. इथे ट्रेन आणि बोट हेच साइटसीइंग आहे, त्यामुळे ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना बसल्या जागी सगळं दिसतं आणि पोरांना उठून फिरायला जागा असते. विमानाचं तिकीट जाताना ओस्लोचं आणि येताना बर्गनहून असं काढा, म्हणजे परत उलटं ओस्लोला यायची कटकट नाही.

कधी जायचं तर शाळांच्या हिशोबाने मेचा शेवट ते जूनचे पहिले दोन आठवडे, आणि हे तडजोड म्हणून नाही सांगत. तेव्हा डोंगरावरचं बर्फ वितळत असतं आणि धबधबे भरून वाहत असतात, ऑगस्टमध्ये तेवढं पाणी नसतं. अडचण एवढीच की ओस्लोत जूनमध्ये रात्री साडेदहानंतर सूर्य मावळतो, पोरं झोपायचं नावच घेत नाहीत, म्हणून हॉटेलला जाड पडदे आहेत का ते विचारून घ्या. मध्यरात्रीचा सूर्य मात्र या रूटवर दिसत नाही, त्यासाठी उत्तरेला ट्रॉम्सोकडे जावं लागतं. १७ मे हा त्यांचा संविधान दिन, शाळेच्या मुलांच्या मिरवणुका निघतात, मोठी माणसंसुद्धा पारंपरिक पोशाख घालून रस्त्यावर येतात, मस्त असतं, पण त्या दिवशी दुकानं बंद.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखालच्यांना काही नाही, आणि मेडिकल इन्शुरन्स निदान ३०,००० युरोचा लागतो. अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्याच्या सीझनला अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्येच हात घाला. पैसे मात्र युरो नाहीत, नॉर्वेजियन क्रोन. नोटा नेऊ नका फार, फळवाल्यापासून टॉयलेटपर्यंत सगळीकडे कार्ड चालतं, दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं जवळ ठेवली की झालं.

आता जेवण, कारण खर्चाचा खरा खड्डा तिथेच आहे. रोज दोन वेळा रेस्टॉरंटमध्ये जेवायचं म्हटलं तर ट्रिपचं बजेट दुप्पट होईल, आणि व्हेज खाणाऱ्यांचे पिझ्झ्यावर हाल होतील ते वेगळेच. त्यामुळे राहायला किचन असलेली जागा बघा, अपार्टमेंट किंवा कॅम्पिंगवरची लाकडी केबिन, त्याला ते ह्युटे म्हणतात. केबिनमध्ये चादरी-टॉवेलचे पैसे बऱ्याचदा वेगळे असतात आणि निघताना झाडून-पुसून द्यावं लागतं, ते बुक करतानाच वाचून घ्या.

भारतातून काय न्यायचं त्यात एक गोष्ट लक्षात ठेवा, बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खव्याचं काहीही बॅगेत नको. बटाटेपण नेता येत नाहीत, ते कोण नेणार म्हणा. दशम्या दुधातल्या असतात म्हणून त्यापण नको. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजके पोहे, उपम्याचं पीठ, मसाला, मूगडाळ आणि तांदूळ थोडे, एवढं पुरे. तिथल्या सुपरमार्केटमध्ये, रेमा १००० किंवा किवी ही स्वस्तातली, लोम्पे म्हणून बटाट्याच्या मऊ पोळ्यांचं पाकीट मिळतं, तिथले लोक त्यात सॉसेज गुंडाळून खातात, आपण त्यात भाजी नाहीतर चटणी गुंडाळायची, ट्रेनच्या डब्याला एक नंबर. ताकाची तल्लफ आली तर कुल्तुरमेल्क घ्या, पाणी आणि मीठ घालून ढवळलं की भागतं. रविवारी बहुतेक सुपरमार्केट बंद असतात, शनिवारीच भरून ठेवा. पाणी विकत घ्यायचंच नाही, नळाचं पाणी उत्तम असतं. कोल्ड्रिंकची बाटली घेतली तर तिच्यावर २ किंवा ३ क्रोन डिपॉझिट असतं, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की परत मिळतं, हे काम पोरांना द्या, जिवापाड करतात.

किचनबद्दल अजून एक. शेगड्या बऱ्याच ठिकाणी इंडक्शन असतात, घरून ॲल्युमिनियमचा छोटा कुकर नेलात तर तो नुसता शोभेला, स्टीलचा आणि इंडक्शनवर चालणारा बघून न्या. आणि फोडणी! मोहरी तडतडली, मिरची टाकली, ठसका उठला की छतावरचा स्मोक अलार्म असा काही किंचाळतो की आजोबा चपला शोधायला लागतात. आधी एक्झॉस्ट लावा, खिडकी उघडा, तेल कमी तापवा, नाहीतर सरळ घरून फोडणीचं तयार मिश्रण करून न्या. हॉटेलच्या रूममध्ये असले प्रयोग अजिबात नको.

ओस्लोला दोन दिवस पुरतात. एअरपोर्टवरून शहरात यायला एक महागडी एक्सप्रेस ट्रेन आहे, तिच्या जाहिराती आधी दिसतात, पण साधी व्ही कंपनीची ट्रेनही २५ मिनिटांच्या आत पोचवते आणि बरीच स्वस्त पडते. शहरात रूटर ॲपवर २४ तासांचं तिकीट काढा, ट्राम, मेट्रो, बस सगळ्याला तेच चालतं आणि बंदराजवळून छोट्या बेटांवर जाणाऱ्या फेरीलासुद्धा तेच. हॉवेडोया बेटावर जुन्या मठाचे अवशेष आहेत, हिरवळ आहे, डबा घेऊन जा, वेगळ्या फ्योर्ड (डोंगरांत आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी) क्रूझचे पैसे वाचतात. गेटवर कोणी तिकीट बघत नाही म्हणून न काढता चढू नका, चेकर आला तर दंड जबर आहे. विगेलँड पार्क फुकट आणि चोवीस तास उघडं, तिथला १४ मीटर उंच दगडी खांब एकाच दगडात कोरलाय आणि त्यावर १२१ माणसं आहेत, पोरांना मात्र पाय आपटणाऱ्या रागीट मुलाचा पुतळा जास्त आवडतो. ऑपेरा हाऊसच्या उतरत्या छतावर चालत जाता येतं, तेपण फुकट, पावसात घसरतं एवढं सांभाळा. म्युझियम एकच करायचं तर फ्राम, ध्रुवीय मोहिमांवर गेलेलं खरं जहाज आत उभं आहे आणि त्यात शिरून फिरता येतं.

मग ट्रेन. ही लाइन १९०९ ची, ओस्लो ते बर्गन साडेसहा-सात तास. सकाळची गाडी घ्या आणि तिकीट जितकं लवकर काढाल तितकं स्वस्त. फॅमिली डबा असतो, त्यात पोरांना खेळायला जागा असते, बुक करताना तोच निवडा. ६ वर्षांखालच्यांना तिकीट नाही, १७ पर्यंत अर्धं. फिन्से स्टेशन १२२२ मीटरवर आहे, मेच्या शेवटीसुद्धा आजूबाजूला बर्फ असतं, गाडी थांबली की लोक दोन मिनिटं उतरून फोटो काढतात, तुम्ही मात्र शिट्टीकडे लक्ष ठेवा.

याच लाइनवर मिर्डाल स्टेशनला उतरून खाली फ्लोम गावाला जाणारी छोटी गाडी. २० किलोमीटरमध्ये ८०० मीटरहून जास्त खाली उतरते. आपल्या बोरघाटात सगळ्यात तीव्र चढ ३७ मीटरला १ मीटर आहे आणि त्याला मागून ढकलायला जादा (बँकर) इंजिनं लावतात, इथे १८ मीटरला १ आहे, यावरून अंदाज घ्या. वाटेत कियोसफॉसेन धबधब्याशी गाडी पाच मिनिटं थांबते, सीझनमध्ये तिथे लाल कपड्यातली बाई गाण्यावर नाचताना दिसते, लोककथेतली हुल्द्रा म्हणे, पोरं थक्क होतात. तुषार चांगलेच उडतात, आजीचा चष्मा आणि मोबाइल आधी आत ठेवा.

हे सगळं ‘नॉर्वे इन अ नटशेल’ म्हणून एकत्र पॅकेजमध्ये मिळतं आणि लोक ते एका दिवसात पळत पळत करतात. माझं ऐकाल तर तसं करू नका. तीच तिकिटं सुटी सुटी काढा, आणि फ्लोमला एक रात्र तरी राहा. दिवसा क्रूझ जहाजांची माणसं उतरतात तेव्हा गाव नुसतं गजबजतं, संध्याकाळी ती गेली की फ्योर्डच्या काठावर तुम्हीच. दुसऱ्या दिवशी गुडवांगेनची बोट, साधारण दोन तासांची, मोठ्या खिडक्यांची इलेक्ट्रिक बोट असेल ती फेरी घ्या, धूर-आवाज काही नाही. ती नेरॉयफ्योर्डमध्ये शिरते, २००५ पासून युनेस्कोच्या यादीत असलेला, जिथे सगळ्यात अरुंद तिथे २५० मीटर रुंद आणि दोन्ही बाजूंना सरळसोट डोंगर. बाहेर डेकवर कडाक्याचा वारा असतो, मे असो की जून, कानटोपी हवीच. साडी नेसणाऱ्यांनी आत थर्मल आणि खाली बूट, कोणी बघत नाही. गुडवांगेनहून बस वॉसला, तिथून सव्वा तासात ट्रेनने बर्गन.

बर्गनला पाऊस गृहीत धरा, वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पडतो. छत्री वाऱ्याने उलटी होते, टोपीवाले रेनकोट न्या. ब्रुग्गेन या जुन्या बंदरावरची लाकडी घरं समोरून बघून परत फिरू नका, मधल्या बोळांत शिरा, तिथे लाकडाचा वास आणि वाकडे जिने बघण्यासारखे आहेत. फ्लोयेन डोंगरावर केबलवर ओढली जाणारी गाडी जाते, सकाळी लवकर गेलात तर रांग नाही, वर मोठं प्लेग्राउंड आहे. मासळी बाजारात भाव बघून मगच ताट भरा, गोव्याच्या अंदाजाने गेलात तर बिल बघून घास अडकेल. एअरपोर्टला टॅक्सी नको, बीबानेन नावाची ट्राम पाऊण तासात थेट टर्मिनलला नेते, शहरातलंच तिकीट चालतं.

लोकरीचा स्वेटर घ्यायचा असेल तर दुकानात टॅक्स फ्रीचा फॉर्म मागा, ३१५ क्रोनच्या वर खरेदी असली की मिळतो. दुकानदार पिशवी सील करून देतो, ती एअरपोर्टवर फॉर्म दाखवेपर्यंत फोडायची नाही. थंडी वाजली म्हणून मध्येच कोणी स्वेटर काढून घातला तर रिफंड गेला, त्यामुळे पिशवी नवऱ्याकडे देऊ नका.