वैशाखात पाणी बघा, श्रावणात रस्ता बघा: विदर्भात घरापुरती शेती करायला येणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईकडून जमीन बघायला येणारी मंडळी बहुतेक दिवाळीनंतर येतात. तेव्हा तूर फुलावर असते, हरभरा हिरवागार असतो, नाल्याला पाणी असते आणि हवाही थंड असते. त्या दिवसांत विदर्भातले कुठलेही वावर चांगलेच दिसते. म्हणून आमच्या गटात (घरापुरती शेती करणाऱ्या घरांच्या) नव्या घराला पहिली सूचना ही असते: इसार देण्याआधी तेच वावर एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये पायी फिरून बघा.

मे महिन्यात विहिरीत दोरीला दगड बांधून सोडा आणि पाणी किती हात आहे ते मोजा. मग मोटर चालू करायला सांगा. पाणी किती वेळात तुटते आणि बंद केल्यावर किती तासांनी पुन्हा तेवढेच चढते, हे घड्याळ लावून बघा. विहिरीची खोली कोणीही सांगेल, तुम्हाला हवा आहे तो झरा. पाणी चाखून बघा. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. तिथे बोअर मारला तरी पाणी खारेच लागते आणि त्या पाण्याने काळी जमीन हळूहळू घट्ट होत जाते. अशा गावात पावसाचे पाणी साठवण्यावाचून इलाज नाही. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते चवीने कळत नाही, म्हणून पिण्याचे पाणी तपासूनच घ्या. भंडारा, गोंदियाकडे गेलात तर गणितच वेगळे आहे. तिथे पाऊस जास्त, धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेते) आणि मालगुजारी तलाव (जुने गावतलाव) आहेत. पुढचे बरेचसे सांगणे कापूस-सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यासाठी आहे.

मे महिन्यातच जमिनीच्या भेगेत काठी घालून बघा. हातभर आत गेली तर काळी माती खोल आहे. पिकाला ती उत्तम, पण घराला वाईट. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावर उथळ पायव्याने बांधलेल्या भिंती दोन-तीन वर्षांत तिरप्या तडकतात. घरासाठी वावरातला बरड किंवा मुरमाड कोपरा निवडा, भले तो रस्त्यापासून थोडा लांब असो. तसा कोपराच नसेल तर मुरूम लागेपर्यंत खोदा, पायव्याच्या दोन्ही अंगांना काळी माती परत न भरता मुरूम भरा, आणि घराभोवती पाणी मुरणार नाही असा उतार द्या.

ऑगस्टमध्ये बघायचा तो पांदण रस्ता, म्हणजे वावराकडे जाणारी कच्ची वाट. उन्हाळ्यात कार थेट धुऱ्यापर्यंत (वावराच्या बांधापर्यंत) जाते, आणि त्याच रस्त्यावर श्रावणात बंडीचे (बैलगाडीचे) चाक आसापर्यंत रुतते. घरात म्हातारे माणूस किंवा लहान मूल असेल तर ह्याचा विचार सगळ्यांत आधी करा. पांदण गावनकाशावर आहे का ते तलाठ्याकडे बघा. वाट दुसऱ्याच्या वावरातून जात असेल तर ती सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंदलेली हवी. विकणाऱ्याचे ‘जात होतो आम्ही’ हे शब्द पुढच्या मालकावर बंधनकारक नसतात. हद्दीवरून रस्ता मागायचा अर्ज महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे करता येतो, पण व्यवहाराआधी दोन शेजाऱ्यांशी बोलून घेतलेले केव्हाही बरे. मोजणी खरेदीपूर्वीच करून घ्या. धुऱ्याचे भांडण नातवंडांपर्यंत चालते.

कागदांचे थोडक्यात. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. विदर्भाला ह्यासाठी 1958 चा वेगळा कुळवहिवाट कायदा आहे. राज्यात कुठेही वडिलोपार्जित सातबाऱ्यावर तुमचे नाव असेल तर शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून तो उतारा सोबत आणा. भोगवटादार वर्ग 2 ची (विकण्यावर सरकारी बंधन असलेली) जमीन आणि आदिवासी खातेदाराची जमीन स्वस्त मिळते म्हणून हात घालू नका. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय तो व्यवहार टिकत नाही, आणि आदिवासींच्या जमिनीचा कायदा त्यांच्या रक्षणासाठी आहे, त्याचा मान राखा.

आमचा आग्रह असा की पहिले वर्ष जमीन घेऊच नका. गावात घर भाड्याने घ्या आणि एकरभर वावर पाडव्यापासून पाडव्यापर्यंत मक्त्याने (ठरलेली रक्कम देऊन) करा. कूळ लागण्याच्या, म्हणजे कसणारा पुढे जमिनीवर हक्क सांगेल ह्या, भीतीने मालक लांब मुदतीचा कागद करायला कचरतो, ते समजून घ्या. एका वर्षाचे लिहून ठेवा. ई-पीक पाहणी (मोबाइलवरून सातबाऱ्याला पिकाची नोंद) कोण करणार आणि नुकसानभरपाई आली तर कोणाची, एवढे दोन मुद्दे त्यात आवर्जून घाला.

एका एकरात, म्हणजे 40 गुंठ्यांत, चार माणसांच्या घराचे काय काय निघते? रोज पावशेर डाळ धरली तर वर्षाला 90 किलो. शंभर किलो तुरीतून 65 ते 70 किलो डाळ पडते, म्हणजे तूर हवी सुमारे 135 किलो. कोरडवाहू तूर एकरी तीन-चार क्विंटल धरा. तेव्हा 15 ते 18 गुंठे तुरीला द्या, त्याला अडीच किलो बियाणे पुरते. मर (झाड वाळते) आणि वांझ (शेंगाच धरत नाहीत) रोगाला दाद न देणारे बीएसएमआर 736 किंवा आशा हे वाण घ्या. तुरीच्या दोन ओळींत मूग, उडीद किंवा बरबटी (चवळी) घ्या. ही पिके तूर पसरण्याआधी निघून जातात. दीड महिन्याने तुरीचे शेंडे खुडा, म्हणजे फांद्या फुटतात. उरलेल्यात ज्वारी. खरिपाची ज्वारी दाणा भरताना पावसात सापडली की काळी पडते, म्हणून जमीन खोल असेल तर तिथे आधी मूग घ्या आणि तो काढून रब्बीची पेरा. वर्षाची भाकरी मात्र एका एकरात पुरी होणार नाही, दोन-अडीच क्विंटलच्या वर धरू नका. तेलाचा तर पहिली दोन वर्षे विचारच नको: वर्षाला 30 किलो तेल म्हणजे 75 किलो तीळ, आणि तेवढ्याला जवळजवळ अर्धा एकर अडकतो.

पेरणीची घाई हा नव्या माणसाचा ठरलेला दोष. मृगाची पहिली सर आली की मातीचा वास सुटतो आणि हात शिवशिवतात. थांबा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल वीतभर खाली गेली पाहिजे. नाहीतर बी उगवते, वरची ओल उडते, आणि कोंब करपून दुबार पेरणी ओढवते. घरचे सोयाबीन पेरणार असाल तर 100 दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवा आणि पाच-सहा दिवसांनी मोजा. 70 उगवले तर एकरी 30 किलो, कमी उगवले तर त्या प्रमाणात जास्त. सोयाबीनचे टरफल फार नाजूक असते. पोते बंडीतून आपटून उतरवले तरी उगवण घटते.

डाळ घरी करायला शिका. गिरणीच्या पॉलिशच्या डाळीपेक्षा तिची चव निराळी. दहा किलो तूर निवडून जात्याचा खुंटा सैल ठेवून एकदा नुसती फिरवून काढा, म्हणजे टरफलाला ओरखडे पडतात. मग 100 मिलिलिटर गोडेतेल हाताने चोळून रात्रभर ढीग झाकून ठेवा. दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरा. रोज संध्याकाळी गोळा करून झाकायचे. शेवटच्या संध्याकाळी पाण्याचा हलका शिपका मारून पुन्हा ढीग करा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाळवून तापलेलीच भरडा. दाणा दातांखाली कट्‌कन दुभंगला तर वेळ झाली. दबला तर आत ओल आहे, आणि अशी डाळ जात्यात चुरते. सुपाने पाखडून टरफल काढा आणि न फुटलेले दाणे पुन्हा घाला. चुनी ढोरांना जाते. डाळ कोठीत भरताना कडुलिंबाचा वाळलेला पाला मधे मधे घाला, ओला अजिबात नको.

परसबाग एका गुंठ्याची पुष्कळ झाली: वांगी, टमाटे, सांबार (पुण्याची कोथिंबीर इथे ह्या नावाने मागा), बरबटी, दोडके, कोहळे, धुऱ्याला आंबाडी आणि शेवगा. एप्रिल-मेमध्ये चौरस मीटरला रोज सहा लिटर पाणी लागते, म्हणजे पूर्ण गुंठ्याला 600 लिटर. एवढे पाणी उन्हाळ्यात असेलच असे नाही, म्हणून पाडव्यानंतर बाग तिसरा हिस्सा करा, पश्चिमेकडून हिरवी जाळी बांधा आणि बुंध्याशी तुरीचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरा.

फवारणीबद्दल आम्ही कडक आहोत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. घरापुरत्या शेतीला पाच टक्के निंबोळी अर्क बहुतेक वेळा पुरतो. वाळलेल्या निंबोळ्यांची पाच किलो पूड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून दोनदा गाळा, एक लिटर पाण्यात 200 ग्रॅम साबण विरघळवून त्यात मिसळा आणि एकूण 100 लिटर करा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा. उन्हात त्याचा गुण उडतो आणि शिळा अर्क कामाचा नसतो. निंबोळ्या पावसाच्या तोंडावर वेचून सावलीत वाळवून ठेवाव्या लागतात, ऑगस्टमध्ये शोधून मिळत नाहीत.

रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर येणारच. ज्वारीभोवती करडईच्या चार ओळी काटेरी कुंपणाचे काम थोडेफार करतात. कुंपणाच्या तारेला सौर झटका मशीन चालते, कारण तिचा झटका क्षणभराचा असतो. तारेत घरातली किंवा खांबावरची वीज कधीही सोडू नका, कोणी कितीही सल्ला देवो. त्याने माणसे मरतात, ढोरे मरतात, वाघही मरतात, आणि तो गुन्हा आहे.

गाय पहिल्या वर्षी नको. तिला रोज सहा किलो वाळला चारा लागतो आणि दोन्ही वेळा घरी माणूस लागतो. कोंबड्या चालतील: आठ तलंगा (अंड्यावर येणाऱ्या तरुण कोंबड्या) आणि एक कोंबडा, रात्री मुंगूस शिरणार नाही असा बंद खुराडा, आणि मानमोडी रोगाची लस. पहिल्या आठवड्यात लासोटाचे थेंब, आठव्या आठवड्यात आरटूबी. लस बर्फातूनच आणा, गरम झालेली लस टोचून उपयोग नसतो.

पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री अंथरुणात येते आणि तिचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही. खाट, चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी आणि उशाशी टॉर्च हवीच. साप चावल्यावर मांत्रिकाकडे जाण्यात जीव जातो. सर्पदंशाची लस असलेले जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते आणि रात्री तिथवर नेणारी गाडी कोणाची, हे आल्याच्या पहिल्या आठवड्यात विचारून लिहून ठेवा.

गटाची बैठक महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी असते. डवरा (कोळपे), तिफण (पेरणीचे औजार), सूप-जाते आणि झटका मशीन वहीत नोंद करून मिळते. औजार धुऊन, फाळ पुसून परत करायचे. बियाणे नेलेत तर हंगामाअखेर दुप्पट परत. निंदणाला आणि सोंगणीला (पीक कापायला) एकमेकांकडे दोन-दोन दिवस जायचे, तो हिशेब दिवसांत ठेवतो, पैशांत नाही. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचे नाही.

पहिल्या बैठकीला येताना तीन गोष्टी आणा: बघितलेल्या वावराच्या सातबाऱ्याची प्रत, विहिरीचे बाटलीभर पाणी, आणि अर्धा किलो माती. माती घेताना वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्हीसारखा खड्डा करा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत तासून घ्या, सगळी एकत्र कालवून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करत राहा. झाडाखालची, उकिरड्याजवळची आणि धुऱ्यालगतची माती त्यात येऊ देऊ नका. माती सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. खताच्या पोत्यात आणलेली माती आम्ही तपासायला पाठवत नाही.