भावंडांच्या बेंजो पार्टीवर माहितीपट करताय? या चुका टाळा

गुहागरकडच्या एका बेंजो पार्टीवर, म्हणजे बेंजो वाजवणाऱ्या गाण्या-बजावण्याच्या ताफ्यावर, मी छोटा माहितीपट केला. चार भावंडं: थोरला बेंजोवर, मधला कीबोर्डला, धाकटा ढोलकीला, बहीण गायला. पहिला कट लावून बघितला तर फिल्म तीन भावांची झाली होती. बहीण दोनदा दिसली, त्यातली एकदा चहा देताना. तिला वगळायचं कुणाच्या मनातही नव्हतं.

घोळ वेळापत्रकात होता. मुलाखती सकाळी अकराला, आणि त्या वेळी ती आमच्याच युनिटसाठी भाकऱ्या थापत होती! तेव्हा युनिटचं जेवण बाहेरून सांगा. तिला दुपारी, भाऊ घरात नसताना, निवांत बोलतं करा. भावांसमोर विचारलंत तर ‘दादालाच विचारा’ एवढंच हाती लागेल.

दुसरी चूक आवाजाची. एकच माइक पुढे ठेवला की बेंजोच्या अँप्लिफायरपुढे गाणारीचा टिकाव लागत नाही. प्रत्येकाला वेगळा ट्रॅक द्या. सगळं एकाच ट्रॅकवर आलं असेल तर एडिटच्या टेबलावर झटापट करत बसू नका. पडवीत बसवून गाणं पुन्हा घ्या, नुसतं तिच्या आवाजात. आम्ही घेतलं, तेव्हा कळलं की थोरला बेंजोवर ज्या जागा, म्हणजे हरकती, घेतो आणि टाळ्या मिळवतो, त्या मुळात तिच्या गळ्यातल्या. फिल्मचा मधला भाग त्यावरच उभा राहिला.

संगीत घरातच उगवलं असं दाखवणं, ही चूक तर मोठमोठ्यांच्या गोष्टीतही होते. बी जीज या तीन भावांच्या बँडचं उदाहरण घ्या. 1977 नंतर ते डिस्कोचा चेहरा झाले, पण डिस्को वाढला न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या क्लबांत. 12 जुलै 1979 रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर डिस्कोच्या रागापोटी डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवल्या गेल्या. हे क्लब गोष्टीत नसतील तर तो राग फक्त तीन भावांवरचा वाटतो.

आपल्याकडेही तेच. बटणांचा हा बेंजो जपानच्या 1912 सालच्या ताइशोगोतो या वाद्याचा वंशज. चाली शक्ती-तुरा, नमन या कोकणातल्या लोककलांच्या आणि कोळीगीतांच्या. ढोलकी मढवणारा, अँप्लिफायर दुरुस्त करणारा, चाल शिकवणारा शेजारच्या वाडीतला म्हातारा, हे बहुतेकदा वेगळ्या जातीचे, कधी वेगळ्या धर्माचे. नुसते हात दाखवून पुढे जाऊ नका, त्यांनाही बोलू द्या. उगाच ‘विविधतेसाठी’ मात्र कुणाला आणून बसवू नका, गाव लगेच ओळखतं.

सबटायटल देताना थोरल्याचं शाळेतलं मराठी तसंच सोडायचं आणि आजीच्या बोलीखाली ‘शुद्ध’ ओळ द्यायची, हा अपमानच. द्यायचं तर सगळ्यांना द्या, आणि ‘माका’, ‘मना’चं ‘मला’ करू नका.

ड्रोन, माड, समुद्र याबद्दल काय बोलायचं, सगळेच घेतात. फक्त शूटिंग गणपतीत किंवा शिमग्यात ठेवा. चाकरमानी आल्याशिवाय निम्मी पार्टी मुंबईतच असते.

कट तयार झाल्यावर प्रत्येकजण किती मिनिटं बोलतो ते घड्याळ लावून मोजा. मग घरच्यांना दाखवा, बहिणीला आधी. आमच्याकडे तिनं एकच दुरुस्ती सांगितली: नामावलीत तिचं नाव ‘विशेष सहकार्य’खाली गेलं होतं, ते ‘गायन’खाली हवं.