स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांचे व्यवहार कायदेशीरपणे कसे हाती घ्यावेत

आईची मुदत ठेव मोडण्यासाठी मी ठाण्याच्या नौपाड्यातल्या बँकेत गेले, तेव्हा तिने चार वर्षांपूर्वी रीतसर नोंदणी करून दिलेले कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) माझ्या हातात होते. अधिकाऱ्यांनी तिच्या प्रकृतीची चौकशी केली, मी डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, निदान झाल्याचे सरळ सांगितले, आणि त्यानंतर त्या कागदावर व्यवहार करता येणार नाही, असे मला सांगण्यात आले. मला अतिशय वाईट वाटले, परंतु कायदा त्यांच्याच बाजूने होता. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती विकल मनाची झाली, म्हणजे व्यवहार समजून निर्णय घेऊ शकेनाशी झाली, की मुखत्याराचा अधिकार संपतो. मन विकल झाल्यानंतरही टिकणाऱ्या मुखत्यारपत्राचे जे नमुने इंटरनेटवर सापडतात, ते परदेशातील कायद्यांवर आधारलेले असतात आणि आपल्याकडे त्यांचा आधार घेता येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की आई किंवा बाबा आज, या घडीला, कागद समजून सही करू शकतात का. निदान झाले म्हणजे ही क्षमता त्याच दिवशी गेली, असे होत नाही. करार करताना त्याचा अर्थ समजणे आणि आपल्या हिताचा विचार करता येणे, एवढेच कायदा पाहतो. मृत्युपत्राबाबतही भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ हाच विचार मान्य करतो. मात्र हे पुढे सिद्ध करावे लागते. त्यासाठी सहीच्याच दिवशी न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडून प्रमाणपत्र घ्यावे, आणि त्यात ‘प्रकृती ठीक आहे’ एवढेच न लिहिता, कागद कशाचा आहे, मालमत्ता कोणती आहे आणि ती कोणाला द्यायची आहे हे रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगितल्याचे नमूद करण्याची विनंती करावी. मृत्युपत्राचे दोन साक्षीदार लाभार्थी नसलेले आणि शक्यतो वयाने लहान असावेत, म्हणजे गरज पडेल तेव्हा ते साक्ष द्यायला उपलब्ध असतील.

चालता न येणाऱ्या व्यक्तीसाठी दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतात. नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये तशी तरतूद आहे. परंतु समोरची व्यक्ती भानावर नाही असे दिसल्यास नोंदणी नाकारणे हे त्यांचे कर्तव्यच आहे, हेही लक्षात ठेवावे.

क्षमता आहे त्याच काळात बँकखाती संयुक्त करून ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा’ अशी सूचना नोंदवावी. केवळ नामनिर्देशन पुरेसे नाही, कारण नामनिर्देशित व्यक्तीचा हक्क खातेदाराच्या मृत्यूनंतरच सुरू होतो. नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्यावरील घर असेल, तर हस्तांतराची परवानगी आणि सोसायटीचे कागद आताच तपासून घ्यावेत. घाईने बक्षीसपत्र करून घर मुलांच्या नावावर करण्याचा सल्ला अनेकजण देतात. मला तो मान्य नाही, कारण त्यामुळे आजारी माणसाच्या हाती असलेला शेवटचा आधार जातो.

क्षमता गेल्यानंतर रुग्णाचे व्यवहार पाहण्यासाठी कायदेशीर पालक नेमून घेण्याचा मार्ग अवघड आहे. पालक व पाल्य अधिनियम, १८९० केवळ अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलांसाठी आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांचाच समावेश आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ खालचा नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता असतो, त्याला बँकखात्याला हात लावता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्व आहे, आणि त्या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा विकारही येतो; मात्र हे पालकत्व मुळात ठरावीक निर्णयासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी कल्पिलेले आहे.

त्यामुळे मालमत्तेचा संपूर्ण कारभार हवा असल्यास संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका (थेट उच्च न्यायालयाकडे आदेशासाठी केलेला अर्ज) करण्याचा मार्ग उरतो. २०२० मध्ये याच न्यायालयाने कोमातील पतीची पालक म्हणून पत्नीची नेमणूक केली होती. याचिकेसोबत निदानापासूनचे सर्व वैद्यकीय अहवाल, सर्व वारसांची प्रतिज्ञापत्रावरील संमती आणि मालमत्तेची पूर्ण यादी जोडावी. न्यायालय बहुधा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करून घेते. भावंडांपैकी कोणी नाराज असेल, तर याचिकेपूर्वीच त्याच्याशी बसून बोलावे, कारण वारसांमधील वादाने हे काम सर्वाधिक रखडते.

माझी कळकळीची सूचना याचिकेतील मागण्यांबाबत आहे. ‘पालक म्हणून नेमावे’ एवढीच मागणी केल्यास पुढे प्रत्येक कार्यालयात अडचण येते. म्हणून प्रत्येक बँकखाते, मुदत ठेव, डीमॅट खाते, निवृत्तिवेतन, प्राप्तिकर विवरणपत्र, सोसायटीतील सभासदत्व आणि घर विकण्याची गरज असल्यास त्याची स्पष्ट परवानगी, हे सर्व स्वतंत्रपणे मागावे. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर ठाण्यातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे आणि उच्च न्यायालयातील याचिकेसाठी कुठे अर्ज करायचा ते विचारावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रियांना मोफत विधी साहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आदेश होईपर्यंत आईचे एटीएम कार्ड किंवा तिच्या मोबाइलवर येणारा ओटीपी वापरून घर चालवले जाते, हे मी जाणते. तरीही तिचा अंगठा कोऱ्या कागदावर कधीही घेऊ नये आणि तिची सही स्वतः करू नये. ती बनावट सही ठरते, आणि तीच पुढे न्यायालयात आपल्याविरुद्ध मांडली जाते. आदेश मिळाल्यावर प्रमाणित प्रती भरपूर काढाव्यात, कारण अनेक ठिकाणी त्या प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काम होत नाही. न्यायालय हिशेब मागू शकते, त्यामुळे औषधांपासून रात्रपाळीच्या परिचारिकेच्या पगारापर्यंत प्रत्येक खर्च आईच्याच खात्यातून, पावतीसह करावा, आणि त्या पावत्या महिनावार एका फाइलमध्ये लावून ठेवाव्यात.