अपग्रेड त्यांचं, तारीख आपली

ऑपरेटिंग सिस्टिमचं अपग्रेड कंपनीच्या घाईने न होता आपण ठरवलेल्या दिवशी व्हावं, यासाठीची ही तयारी. सगळ्यात आधी एक कागद घ्या. खराखुरा कागद, कारण ज्या दिवशी ही यादी लागेल त्या दिवशी कॉम्प्युटर चालू असेलच असं नाही. त्यावर लिहा: ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, तिची नेमकी आवृत्ती कोणती आणि तिला सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार. विंडोजमध्ये ‘विनव्हर’ ही कमांड दिली की आवृत्ती समोर येते, मॅकवर ‘अबाउट धिस मॅक’ उघडायचं. शेवटची तारीख कंपनीच्या वेबसाइटवर शोधावी लागते. विंडोज १० साठी ती होती १४ ऑक्टोबर २०२५. वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेत नाव घातलेल्या घरगुती कॉम्प्युटरसाठी १३ ऑक्टोबर २०२६. माझ्याकडे मदत मागायला येणाऱ्या बहुतेकांना ही तारीख ठाऊक नसते. त्यांना पडद्यावरची सूचना तेवढी ठाऊक असते, आणि सूचनेला कायम घाईच असते.

आता कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे सुरक्षेचे पॅच, उजवीकडे नवी आवृत्ती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपन्या त्या एकाच खिडकीत, एकाच निळ्या बटणाखाली दाखवतात म्हणून आपली गल्लत होते. वैतागून “मला अपडेटच नको” म्हणणारे डावी बाजूही फेकून देतात आणि मग फसतात. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारा पॅच दिला होता. १२ मे २०१७ ला फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं ‘वॉनाक्राय’ पसरलं ते त्याच भोकातून, आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या रुग्णालयांवर शस्त्रक्रिया रद्द करायची वेळ आली. औषध दोन महिने आधी आलेलं होतं, ते घेतलं गेलं नव्हतं. तेव्हा डावीकडचं काम वेळच्या वेळी करायचं. मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. मी त्यानंतरचा शनिवार धरतो, कारण एखादा पॅच नासका निघाला तर तोवर त्याचा बोभाटा झालेला असतो.

उजवीकडचं काम मात्र आपल्या सवडीने. ती सवड मिळावी म्हणूनच ही सगळी तयारी. लोक उगाच संशयी झालेले नाहीत. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आलं आणि विंडोज ७ व ८.१ वापरणाऱ्यांना ते वर्षभर फुकट देऊ केलं गेलं. टास्कबारवर एक चिन्ह येऊन बसलं आणि हलेना. २०१६ च्या फेब्रुवारीत हे अपग्रेड ‘शिफारस केलेल्या’ अपडेटच्या रांगेत गेलं, म्हणजे शिफारशी आपोआप घ्यायची मुभा दिलेल्या कॉम्प्युटरवर ते न विचारता उतरू लागलं. मे महिन्यात तर कमाल झाली: सूचनेच्या कोपऱ्यातल्या लाल फुलीवर क्लिक केलं की खिडकी मिटायची, पण ठरलेल्या वेळेचं अपग्रेड तसंच कायम राहायचं. फुलीचा अर्थ ‘नको’ असतो हे सगळ्या जगाला शिकवलं ते याच लोकांनी! अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका वाहिनीवर हवामानाचा अंदाज थेट सांगितला जात असताना नकाशावरच ही सूचना उगवली होती. कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंटने, कामाचा कॉम्प्युटर अपग्रेडने निकामी झाला म्हणून दावा लावला आणि १०,००० डॉलर मिळवले. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे मार्केटिंग प्रमुख ख्रिस कापोसेला यांनी वर्षअखेरीस आपण मर्यादा ओलांडल्याचं कबूल केलं. दरम्यान हे अपग्रेड अडवणारी ‘नेव्हर१०’सारखी छोटी फुकट साधनं लोकांनी धडाधड उतरवून घेतली होती. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत.

आणि करारात काय म्हटलंय म्हणाल, तर विंडोज १० च्या परवान्यात स्पष्ट लिहिलं होतं की अटी मान्य करताच तुम्ही वेगळी सूचना न देता येणाऱ्या अपडेटलाही मान्यता देता. वाचतो कोण.

असो. बॅकअपकडे वळू, कारण यादीत एकच काम करायचं असेल तर ते हे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा जुना नियम अजून मोडीत निघालेला नाही. पण अपग्रेडच्या तयारीत त्याच्याआधी एक पायरी आहे: आपल्या फायली खरोखर कुठे राहतात ते शोधणं. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज अपडेटने, म्हणजे १८०९ या आवृत्तीने, काही जणांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायली पुसून टाकल्या होत्या. झालं असं होतं की या लोकांनी आपलं डॉक्युमेंट्स फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलं होतं, पण काही फायली जुन्या जागीच राहिल्या होत्या. अपग्रेडने ती जुनी जागा रिकामी समजून झाडून काढली. काही दिवसांतच वितरण थांबवावं लागलं आणि दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला आली. अशा तक्रारी चाचणीच्या काळातच काही जणांनी कळवल्या होत्या, हे विशेष.

म्हणून डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे प्रत्येक फोल्डर उघडून त्याचा पत्ता बघा. ईमेल प्रोग्रॅमची जुनी पेटी, ब्राउझरचे बुकमार्क, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, नवे बसवलेले फॉन्ट, स्वतः घडवलेला कीबोर्ड लेआउट, या गोष्टी नेहमीच्या फोल्डरांत नसतात आणि हमखास विसरल्या जातात. क्लाउडवर आपोआप जाणाऱ्या फायलींना बॅकअप समजू नका. तो आरसा आहे. इथे पुसलं की तिथेही पुसतं. फायलींच्या प्रतीबरोबर संपूर्ण डिस्कची प्रतिमाही घ्या. क्लोनझिला हे त्यासाठीचं साधन फुकट आहे, दिसायला रुक्ष आहे, पण भरवशाचं आहे. मॅकवर टाइम मशीन. प्रत घेऊन झाली की दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्यातल्या पाच-सहा फायली उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वाजवून घेतलेलं मडकं.

बॅकअपची डिस्क काढून ठेवलीत? आता किल्ली. हल्लीच्या पुष्कळ विंडोज लॅपटॉपची डिस्क पहिल्या सेटअपच्या वेळीच आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. अपग्रेड करताना किंवा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, काही बदललं की कॉम्प्युटर सुरू होतानाच ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. ती नसेल तर तुमचा डेटा तुमच्याच डिस्कमध्ये कायमचा बंद. मी एकदा ही किल्ली मोठ्या शहाणपणाने एका फाइलमध्ये लिहून ठेवली, आणि ती फाइल त्याच डिस्कवर ठेवली. दुसरा कॉम्प्युटर मिळवून ऑनलाइन खात्यातून ती शोधण्यात एक अख्खा दिवस गेला. तेव्हापासून ४८ आकडे कागदावर उतरवतो आणि शेजारी कॉम्प्युटरचं नाव लिहितो. घरात तीन मशीन असली की कुठली किल्ली कुठल्या कुलपाची हे चौथ्या महिन्यात आठवत नाही.

प्रोग्रॅम आणि जोडलेली यंत्रं यांची यादी करणं कंटाळवाणं आहे, तरी अर्धा तास काढा. प्रत्येकापुढे त्याचा परवाना क्रमांक, तो कोणत्या ईमेलवर नोंदला आहे ते, आणि नव्या आवृत्तीवर तो चालतो का, एवढं लिहा. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिना आली आणि जुन्या ३२ बिट पद्धतीचे सगळे प्रोग्रॅम एका रात्रीत बंद पडले. नीट चालणारं जुनं सॉफ्टवेअर असलेल्यांनी ते अपग्रेड करायलाच नको होतं. स्कॅनर, प्रिंटर आणि संगीताची उपकरणं यांत सगळ्यात आधी हात टेकतात, कारण यंत्र धडधाकट असतं पण बनवणाऱ्याने नवा ड्रायव्हर (यंत्र आणि कॉम्प्युटर यांना जोडणारा छोटा प्रोग्रॅम) काढायचं सोडून दिलेलं असतं. सध्याचे ड्रायव्हर आणि सध्याच्या आवृत्तीची आयएसओ फाइल (सिस्टिम नव्याने बसवायची पूर्ण प्रत) आजच उतरवून, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर बनवून ठेवा. परत फिरायचा रस्ता उघडा आहे तोवरच त्याचा नकाशा घ्यायचा.

आता थांबवायचं कसं. इथे इंटरनेटवर भलभलते उपाय सापडतात. त्यातला सगळ्यात लाडका म्हणजे विंडोज अपडेटची सर्व्हिसच बंद करणं. करून बघा, काही दिवसांनी ती पुन्हा चालू झालेली दिसेल, कारण तिला जागं करायला ‘अपडेट मेडिक’ नावाची दुसरी सर्व्हिस नेमलेली आहे. शिवाय त्यात डावीकडचे पॅचही बंद होतात. सरळ मार्ग असे आहेत. विंडोजच्या ‘होम’ या घरगुती प्रकारात सेटिंग्जमधून अपडेट आठवड्या-आठवड्याने एकूण ३५ दिवस थांबवता येतात; मुदत संपली की पुन्हा थांबवण्याआधी साचलेले अपडेट घ्यावे लागतात. नेट जोडणीला ‘मीटर्ड’ (मोजून डेटा मिळणारी) म्हटलं की बहुतेक डाउनलोड आपोआप सुरू होत नाहीत, आणि हे वायफायप्रमाणे तारेच्या जोडणीलाही लागू करता येतं. ‘ॲक्टिव्ह अवर्स’मध्ये दिवसाचे १८ तासांपर्यंत रीस्टार्टला मज्जाव करता येतो. हातात ‘प्रो’ प्रकार असेल तर खरी चावी मिळते: ‘ग्रुप पॉलिसी’ या सेटिंग्जच्या साधनात ‘टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन’ हा पर्याय शोधा आणि सध्याच्या विंडोजचं नाव व आवृत्ती तिथे लिहा. मग पॅच येत राहतात आणि आवृत्ती त्या आवृत्तीची मुदत संपेपर्यंत जागची हलत नाही. आपल्या रेघेचा हाच तर अर्थ होता. तो होम वापरणाऱ्यांना का मिळू नये याचं पटणारं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही. घरच्या माणसाला निर्णय झेपत नाही असं म्हणावं, तर त्याच माणसाने लाल फुलीचा नवा अर्थ मात्र ओळखावा ही अपेक्षा होती.

लिनक्सवाल्यांनी फार हसू नये. उबुंटू या लिनक्समधले ‘स्नॅप’ पद्धतीने बसवलेले प्रोग्रॅम आपणहून अद्ययावत होतात, आणि बरीच वर्षं ते पुढे ढकलता येत होतं, थांबवता येत नव्हतं. ‘होल्ड’ची, म्हणजे थांबवून ठेवायची सोय वापरकर्त्यांनी पिच्छा पुरवल्यावर आली. ती वापरा.

तुमचा कॉम्प्युटर नव्या आवृत्तीला चालतच नसेल तर? विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा किंवा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. ‘चालणार नाही’ असा निकाल आला तरी मशीन लगेच भंगारात काढू नका. पुष्कळदा टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये झोपवलेलं असतं. ते जागं करण्याआधी मघाची ४८ आकडी किल्ली हाताशी घ्या. प्रोसेसरच जुना असेल तर वाढीव पॅचची मुदत संपायच्या आत लिनक्स मिंट किंवा उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती पेनड्राइव्हवरून चालवून बघा. डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते कळतं. रोजचं काम ब्राउझरमध्येच होत असेल तर फरक पडणार नाही. एखाद्या विशिष्ट विंडोज सॉफ्टवेअरवर पोट असेल तर पडेल, आणि त्याला गोड बोलून उपाय नाही.

अपग्रेडचा दिवस निवडताना पुढचे दोन दिवस काही सादर करायचं नाही ना, एवढं बघा. लॅपटॉपला चार्जर लावलेला हवा, बॅकअपच्या डिस्कसह जास्तीची उपकरणं काढलेली हवीत, आणि दुसरं इंटरनेट चालणारं साधन, निदान फोन, जवळ हवं. बाकी काही विशेष नाही; टक्के वर सरकताना बघत बसायची गरज नसते.

नंतरचे दहा दिवस मात्र जागं राहायचं. विंडोजवर मागे फिरायची सोय तेवढेच दिवस असते, कारण जुनी सिस्टिम ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरमध्ये तेवढाच काळ राखली जाते. जागा अडते म्हणून डिस्क क्लीनअप चालवलंत की सोय संपली. दहा दिवस अपुरे वाटत असतील तर मुदत उलटायच्या आत डिस्म कमांडने ती ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. मागे फिरताना फायली राहतात, अपग्रेडनंतर बसवलेले प्रोग्रॅम जातात. मॅकवर मागे जायचं तर डिस्क पुसून जुनी आवृत्ती नव्याने बसवावी लागते, म्हणजे तिथे आधीचा बॅकअप हाच एक आधार.

या दहा दिवसांत कागदावरचा प्रत्येक प्रोग्रॅम एकदा उघडा, प्रत्येक यंत्र एकदा चालवा. वर्षातून एकदाच लागणारा स्कॅनरसुद्धा. मग सेटिंग्जची फेरी मारा. डीफॉल्ट ब्राउझर बदलला का, गोपनीयतेचे बंद केलेले पर्याय पुन्हा चालू झाले का, जाहिरातीवजा सूचना उगवल्या का, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स परस्पर वनड्राइव्हवर हलले का. हे शेवटचं नक्की बघा, कारण तिथली फुकट जागा ५ जीबी आहे. ती भरली की खात्यातून ‘जागा विकत घ्या’चा धोशा सुरू होतो. थांबवण्याच्या सेटिंग्जही तपासा, कारण नव्या आवृत्तीत त्या पुसल्या गेलेल्या असू शकतात, आणि ग्रुप पॉलिसीत जुन्या आवृत्तीचं नाव असेल तर तिथे नवं लिहायचं आहे.

सगळं ठीक असेल तर कागद उलटा करा आणि कोऱ्या बाजूला नव्या आवृत्तीचं नाव लिहा. विंडोज ११ च्या प्रत्येक वार्षिक आवृत्तीला होम आणि प्रोवर २४ महिने पॅच मिळतात. ते महिने तुम्ही अपग्रेड केलंत त्या दिवसापासून मोजत नाहीत, ती आवृत्ती बाजारात आली त्या दिवसापासून मोजतात. तेवढं वजा करून तारीख लिहा, आणि तिच्या दोन महिने आधीचा एक शनिवार कॅलेंडरवर अडवून ठेवा.